हाडांचं विचारा : बर्फावर निघालेल्या मुलीला पाठीचं कवच घ्यावं का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार. मोठी मुलगी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या मैत्रिणी मिळून जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या प्राथमिक वर्गाला निघाल्या आहेत. तिकडचाच आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला होता, हे ती घरात सगळ्यांना सांगून बसली आहे. तिच्या जाण्याला माझी ना नाही. पण सामानाच्या यादीत तिनं 'बॅक प्रोटेक्टर' लिहिलं आहे. पाठीला बांधायचं कवच, किंमत ९,००० रुपये. तिची आजी म्हणते, "पाठीचा मामला हाय, पैशाकडे पाहू नोको, घेऊन दे." लहान भाऊ म्हणतो, "आठ दिवसासाठी एवढे पैसे काहून फेकता?" आमच्या गावात मागच्या वर्षी एक जण विहिरीत पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून पाठीचं नाव काढलं की घरात सगळे धास्तावतात. आंबियाचा माल नुकताच गेला, त्यामुळे पैशाची तेवढी अडचण नाही. पण त्या कवचाचा खरंच उपयोग होतो का, हे तुम्ही सांगा.
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, निकाल आधी सांगतो आणि कारणं मागून. तुमची मुलगी पहिल्यांदाच पायात स्की चढवणार आहे, शिक्षकाच्या नजरेखाली मंद उतारावर शिकणार आहे. तिच्यासाठी ९,००० रुपयांचं कवच विकत घेऊ नका. कुणाचं मापाचं मिळालं तर खुशाल घालू द्या, त्यानं नुकसान काही नाही. पण तुमच्या घरात ज्या दुखापतीची धास्ती आहे, ती हे कवच बहुतेक वेळा थोपवू शकत नाही. हे कळल्याशिवाय पैसे खर्च झाले तर वाईट वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या तालुक्याच्या गावी दवाखाना टाकण्याआधी मी काही हिवाळे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काश्मीरमध्ये काढले. बर्फावर पडलेली माणसं तिथं पाहिली. इथं आल्यावर झाडावरून, शिडीवरून, विहिरीत, बैलबंडीवरून पडलेली माणसं पाहतो आहे. जागा बदलली, हवा बदलली, पण मणका मोडायची रीत तीच आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका वाटत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एसटीच्या अगदी मागच्या सीटवर बसलेली बाई गतिरोधकावर उसळते आणि धाडकन सीटवर आदळते. दवाखान्यात येते तेव्हा तिच्या पाठीवर साधा ओरखडासुद्धा नसतो. पाठीला काही लागलेलंच नसतं. पण एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला की बरगड्या संपतात त्या ठिकाणचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला दिसतो. वरचे-खालचे मणके चौकोनी आणि मधला पाचरीसारखा. मी नातेवाइकांना बोटानं दाखवतो, तरी त्यांचा विश्वास बसत नाही. "साहेब, मार तर लागलाच नाही तिले," असंच म्हणतात. मार लागला तो खालून वर, बैठकीतून. बसच्या मागच्या चाकांच्याही मागे जो भाग असतो, तो खड्ड्यावर सगळ्यात जास्त उसळतो. म्हणून हा मार त्याच सीटवरच्या माणसाला बसतो.

आपल्याला मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे हलणारे मणके असतात. छातीमागचे मणके बरगड्यांना बांधलेले, म्हणून ताठ. कमरेचे मोकळे, वाकणारे. ताठ भाग संपून मोकळा भाग सुरू होतो तो सांधा, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका. उंचावरून पडल्यावर सगळ्यात जास्त वेळा हीच जागा मोडते. आणि तिथेच आत मज्जारज्जूचं खालचं टोक असतं, म्हणून आपण पाठीच्या दुखापतीला भितो ते खरंच आहे.

आता घरातल्या मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे आणा. तिच्याभोवती जाड गोधडी गुंडाळली आणि बाजूनं कुणी दगड मारला, तर मडकी वाचतील. पण वरून कुणी जड पाटा टाकला, किंवा खालचा ओटाच हादरला, तर गोधडी काय करणार? पाठीचं कवच ही ती गोधडी आहे. बाजूनं, म्हणजे थेट पाठीवर, बसणारा मार ती झेलते. बर्फावर गंभीर मणकाभंग होतो तो बहुधा बैठकीवर आदळून, उडी चुकून उभ्यानं उतरल्यानं, शरीर पुढे दुमडून किंवा पीळ बसून. या चारही प्रकारांत कवच जवळपास बघ्याच्या भूमिकेत असतं.

कवचावर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थही समजून घ्या, कारण दुकानात तेच दाखवून माल विकतात. स्कीसाठी विकली जाणारी बहुतेक कवचं मोटरसायकलस्वारांसाठी केलेल्या 'ईएन १६२१-२' या युरोपीय मानकावर तपासलेली असतात. तपासणीत रस्त्याच्या कडेच्या दगडासारख्या आकाराचं वजन वरून कवचावर टाकतात. आदळण्याची ऊर्जा ५० ज्यूल. म्हणजे ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून सोडावं तेवढी. पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत राहिला तर पहिला दर्जा, ९ च्या आत राहिला तर दुसरा. म्हणजे दुसऱ्या दर्जाचं कवच अर्धाच जोर पलीकडे जाऊ देतं. चांगली, प्रामाणिक तपासणी आहे. पण तिच्यात मार सरळ पाठीवरच बसतो. पाठ दुमडली, पिळली, वरून-खालून दबली, याची परीक्षा तिच्यात नाही. आणि ५५ किलोची मुलगी ताशी ३० किलोमीटरनं घसरत असेल, तर तिच्या अंगातल्या वेगाची ऊर्जा १,९०० ज्यूलच्या आसपास जाते. ती सगळीच्या सगळी पाठीवर येत नाही, बर्फात घसरत घसरत बरीचशी जिरते, हे खरं. तरी ५० आणि १,९०० हे दोन आकडे शेजारी ठेवले की कवचाकडून किती अपेक्षा करायची ते कळतं.

मग शर्यतीतले खेळाडू का घालतात? कारण त्यांचा मारच वेगळा असतो. शंभराच्या वर वेग, टणक बर्फ, बाजूला खांब आणि जाळ्या. त्यांच्याकडे तर आता अंगातल्या जाकिटात फुगणारी एअरबॅग असते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२४-२५ च्या हंगामापासून विश्वचषकाच्या वेगवान शर्यतींत ती सक्तीची केली. या एअरबॅगचं पहिलं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रियाच्या मॅथियास मायरचं. हा २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधला 'डाउनहिल' या वेगवान शर्यतीचा सुवर्णविजेता. डिसेंबर २०१५ मध्ये इटलीत व्हाल गार्डेनाच्या शर्यतीत तो पडला, एअरबॅग फुगली, आणि तरीही त्याच्या छातीमागचे दोन मणके मोडले. एअरबॅग नसती तर आणखी काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो बरा झाला, परत उतरला आणि २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये 'सुपर-जी' या दुसऱ्या वेगवान शर्यतीचं सुवर्ण त्यानं जिंकलं. जगातलं सगळ्यात भारी साधन अंगावर असूनही मणका मोडू शकतो, एवढं यातून घ्या. साधन निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नका.

कारण कवचाचा उपयोग आहेच, आणि तोही मनापासून सांगतो. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, दुसऱ्याच्या स्कीच्या धारदार कडेवर पाठ आपटली तर कवच घातलेल्याची कातडी फाटत नाही, मुका मार कमी बसतो, मणक्याच्या बाजूला निघालेली लहान हाडं आणि मागच्या बरगड्या वाचण्याची शक्यता वाढते. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर हौशी पर्यटक, घसरगाडी ओढणारे, फोटो काढणारे यांची गर्दी असते, आणि मागून येऊन कुणी धडकलं तर तो मार थेट पाठीवरच बसतो. शिवाय कवच पाठ ऊबदार ठेवतं. तुमची मुलगी पुढे या खेळात रमली, झाडांमधून किंवा दगडी उतारांवरून जायला लागली, उड्या मारायला लागली, शर्यतीत उतरली, तर मीच म्हणेन, आता घ्या, आणि वर सांगितलेल्या, जास्त वाचवणाऱ्या दुसऱ्या दर्जाचंच घ्या.

एक धोका मात्र आजीबाईंना समजावून सांगा. अंगावर कवच चढलं की तरुण माणसाला आपण शाबूत राहू असं वाटायला लागतं आणि तो झेपत नाही त्या उतारावर जातो. मी जवान मुलांमध्ये हे पाहिलं आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ जाता येतं. तिथला उतार शिकाऊ माणसाचा नव्हे. तिथं मोठा धोका हिमस्खलनाचा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पाठीच्या कवचाचा काडीचा उपयोग नाही. मुलीला सांगा, वर्ग चालू असताना शिक्षक नेतील तिथंच जायचं. मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी सुट्टीच्या दुपारी "एकदा वर जाऊन येऊ" करायचं नाही.

आता खरोखर काय मोडतं ते सांगतो. स्की करणाऱ्या हजार माणसांमागे दिवसाला साधारण दोन-तीन जणांना वैद्यकीय मदत लागेल अशी दुखापत होते, म्हणजे हा खेळ लोकांना वाटतो तेवढा भयंकर नाही. मोठ्या माणसांच्या दुखापतींत जवळपास एक तृतीयांश गुडघ्याच्या. आतला तिरका अस्थिबंध तुटतो, ज्याला तुम्ही क्रिकेटच्या बातम्यांत 'एसीएल' म्हणून ऐकता. त्याच्या मागून अंगठा, खांदा, डोकं. मणक्याचा वाटा या सगळ्यांच्या मानानं लहान आहे. मग घरानं सगळी धास्ती पाठीवर खर्च करायची आणि गुडघा मोकळा सोडायचा, हे मला पटत नाही.

गुडघा वाचवणारी गोष्ट फुकट आहे. बूट स्कीला ज्या कडीनं पकडलेला असतो, ती 'बाइंडिंग' पडताना वेळेवर सुटली पाहिजे. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणसाचं कौशल्य यांवरून ठरतं. भाड्याचं सामान देताना विचारतात, "वजन किती?" मुली लाजून पाच किलो कमी सांगतात, मुलं उगाच "मला येतं" म्हणतात. कौशल्य खोटं सांगितलं की कडी घट्ट होते आणि पडताना सुटत नाही. वजन खोटं सांगितलं की नको तिथं सुटते. तुमच्या मुलीला बजावून सांगा, वजन खरं सांग, पहिल्यांदाच करते आहे असं सांग, आणि कडी लावून दिल्यावर "माझ्या आकड्यावर लावली ना?" असं तोंडानं विचार. दुसरं, पडायचंच आहे असं वाटलं तर कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला पडायचं. मागे बसायला गेली तर गुडघा तिथंच पिळतो, आणि बैठकीवर आदळली तर तो एसटीतल्या मागच्या सीटचा मार बसतो. शिकाऊ माणसाला उतार पाहून मागे रेलण्याचा मोह होतोच, म्हणून शिक्षक दिवसभर "पुढे, पुढे" ओरडत असतात. त्यांचं ऐकायचं.

९,००० रुपये काढून ठेवलेच आहेत तर असे वापरा. पहिलं हेल्मेट. स्कीचं, 'ईएन १०७७' किंवा 'एएसटीएम एफ २०४०' अशी खूण असलेलं. तिथं भाड्यानं चांगलं मिळत असेल तर तेही चालेल, पण चिरा गेलेलं, पट्टा सैल असलेलं घेऊ नका. घरातलं मोटरसायकलचं हेल्मेट पाठवू नका. ते जड असतं आणि मागून आलेल्याची हाक ऐकू येत नाही. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापती कमी होतात याला भक्कम आधार आहे, आणि त्यानं मान मोडते ही समजूत खोटी आहे. दुसरं, चांगले हातमोजे आणि गॉगल. आपण नऊ-दहा अंशांच्या थंडीला कडाका म्हणणारी माणसं. बोटं बधिर झाली की काठी धरता येत नाही, आणि बर्फावरचं ऊन डोळे अक्षरशः भाजतं. तिसरं, आतून घालायची गादीवाली चड्डी. शिकाऊ माणूस सगळ्यात जास्त आपटतो तो माकडहाडावर, आणि पाठीचं कवच तिथपर्यंत पोचतच नाही. या चड्डीचं दुकानवाला नावही काढणार नाही. तीन गोष्टी घेऊनही पैसे उरतील.

आणि ज्याला पैसे लागत नाहीत असं एक, पण आजपासूनच. रोज उठाबशा, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहणं, एका पायावर उभं राहून दुसरा हलवणं, पोटाचे व्यायाम. जिना असेल तर उतरण्यावर भर द्या, चढण्यावर कमी. उतरताना मांडीचा स्नायू जे काम करतो तेच बर्फावर करावं लागतं. माझ्या पाहण्यात बऱ्याच दुखापती दुपार उलटल्यावर, "अजून एक फेरी" म्हणून गेलेल्या फेरीत झाल्या. पाय थकले की शिकलेलं सगळं विसरतं.

पाठीवर सॅक लावून घसरत असेल तर तिच्यात पाठीच्या बाजूला स्टीलचा डबा, स्टीलची बाटली ठेवू नये. माणूस उताणा पडला की तोच डबा मणक्यात घुसतो. कवच घेतलं नाही तर निदान पाठीमागे टणक वस्तू तरी नको. मऊ जाकीट पाठीकडे, डबा बाहेरच्या बाजूला.

शेवटचं लिहितो ते तुमच्या विहिरीत पडलेल्या माणसाबद्दल. त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे काय होतं ते रोज पाहतो. कुणी झाडावरून पडला की चार जण धावतात, दोघं बगलेत हात घालतात, दोघं पाय उचलतात, माणूस मध्ये दुमडतो, आणि तसाच ऑटोत बसवून आणतात. पडताना काही वेळा मणका फक्त मोडलेला असतो. मज्जारज्जू मग या उचलण्यात चेपतो. हे मला बघवत नाही, म्हणून दर वेळी सांगतो. पाठीच्या मधोमध दुखत असेल, पायांना मुंग्या असतील, पाय हलत नसतील, तर माणसाला उभं करायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायला मान उचलायची नाही. १०८ ला फोन लावायचा. हलवणं अगदीच भाग असेल तर एकानं डोकं दोन्ही बाजूंनी धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय धरून एका हाकेसरशी सगळं अंग एकदम कुशीला वळवायचं आणि खाली सपाट फळी सरकवायची. लाकडी दार चालतं. बाज चालत नाही, तिच्यात माणूस झोळीसारखा लोंबतो. बर्फावरही हेच. मैत्रीण पडली आणि पाठ दुखते म्हणाली, तर हात देऊन उठवायचं नाही. दोन स्की वर उताराच्या बाजूला एकमेकींवर फुली करून बर्फात रोवायच्या, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळतं, अंगावर जाकिटं टाकायची आणि बचाव पथकाची वाट पाहायची. तिच्या अंगात कवच असेल तर ते ओढून काढायचं नाही, तसंच राहू द्यायचं. ही एवढी गोष्ट त्या सगळ्या मुलींनी निघायच्या आधी घराच्या अंगणात एकदा करून पाहिली, तर त्यांच्या पाठींची मला काळजी राहणार नाही.

प्रश्न : सर, मी दर्यापूरचा. मोटरसायकलवर लांब फिरतो. माझ्या जॅकेटमध्ये पाठीचा रबरासारखा तुकडा आहे. मार्चमध्ये मित्रांसोबत उत्तराखंडात औलीला स्कीइंगला जायचं ठरतंय. तोच तुकडा तिथं चालेल का, की स्कीचं वेगळं घ्यावं?
— एक तरुण वाचक, जि. अमरावती

उत्तर : मित्रा, मानक तेच असल्यामुळे चालू शकेल, पण आधी तो तुकडा बाहेर काढून बघ. त्याच्यावर मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि 'ईएन १६२१-२' असं छापलेलं आहे का? जॅकेटबरोबर फुकट येणारा तुकडा पुष्कळदा नुसता साधा फोम असतो, त्यावर कसलाच आकडा नसतो. तो चिमटीत दाबला की लगेच चपटा होतो. त्याच्या भरवशावर राहू नकोस.

माझ्याकडे येणाऱ्या तुझ्याच वयाच्या एका मुलानं आपला खरा तुकडा दाखवायला आणला होता. बोटभर जाड, भोकं पाडलेला, हातात लुळा. अंगठ्यानं हळूहळू दाबला तर अंगठा आत जात होता, मुठीनं ठोसा मारला तर टेबलावर मारल्यासारखा लागत होता. हळू दाबाला मऊ आणि अचानक माराला कडक, हाच या पदार्थाचा गुण. मग आम्ही तो घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात घालून ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो नुसत्या हातानंही नीट वाकेना. थंडीनं हे फोम कडक होतात, आणि कडक झालेला फोम मार पूर्वीसारखा पसरवेल याची खात्री नसते. म्हणून त्या मानकात थंडीची वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे, उणे १० अंशांची. ती पास झालेल्या कवचावर 'टी' अक्षर आणि त्यापुढे वजाची खूण असते. तुझ्या तुकड्यावर ती खूण असेल तर उत्तम. नसेल तर निदान जॅकेटच्या बाहेर, गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नकोस. खोलीत उबेला ठेव आणि अंगाला लागून, जाकिटाच्या आत घाल. अंगाच्या उबेनं तो नरम राहतो.

दुसरी अडचण जागेवर राहण्याची. मोटरसायकलचं जॅकेट अंगाला घट्ट असतं, थंडीचं जाकीट ढगळ. ढगळ जाकिटात सैल टाकलेला तुकडा पडताना मानेपर्यंत सरकतो किंवा कुशीला जातो. पट्ट्यांनी छातीला आणि कमरेला आवळता येणारं असेल तरच अर्थ आहे. माप पाठीच्या लांबीवर असतं, शर्टाच्या मापावर नव्हे. घालून उकिडवा बस. खालची कड बैठकीला टेकून कवच वर सरकलं आणि मानेला टोचलं तर ते तुला लांब आहे. एकदा मोठा अपघात होऊन गेलेलं टणक प्लास्टिकचं किंवा थर्मोकोलसारख्या भराचं कवच मात्र वापरू नकोस, आतून चिरलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही.

तू स्कीऐवजी स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरणं, करणार असशील तर पाठीआधी मनगटाचे पट्टे घे. नवखे स्नोबोर्डवाले मागे पडतात, हात टेकतात, मनगट मोडतं. मनगटाच्या पट्ट्यांचा फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. आणि इथं दर्यापूर-अकोला रस्त्यावर तो पाठीचा तुकडा जॅकेटमधून कधी काढू नकोस. तुझ्या पाठीला औलीच्या बर्फापेक्षा त्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धोका जास्त आहे.

प्रश्न : डॉक्टर, सासूबाई ६८ वर्षांच्या. आमच्याकडे धानाची रोवणी असते, उभा जन्म वाकून काम केलं. आता कमरेचा पट्टा दिवसभर बांधून असतात, झोपतानाही काढत नाहीत. म्हणतात, पट्टा आहे म्हणून हाड शाबूत आहे. नागपूरला तपासणीला एसटीनं न्यायचं आहे. पट्ट्यानं धक्के लागणार नाहीत ना?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : ताई, पट्टा कंबर थोडी ताठ धरतो आणि दुखणं कमी वाटतं, एवढंच त्याचं काम. गाडीचा धक्का खालून येतो, तो पट्टा अडवत नाही. दिवसरात्र बांधून ठेवला तर पाठीचे स्नायू काम विसरतात आणि पट्टा काढला की कंबर आणखी दुखते. झोपताना काढायला लावा. दिवसा काम करताना किंवा प्रवासात बांधू द्या, आणि घरात बसल्या-बसल्या सोडून ठेवायची सवय हळूहळू लावा.

या वयात बायकांची हाडं ठिसूळ होतात आणि अगदी साध्या धक्क्यानंही मणका चेपतो. उंची कमी झाली आहे का, पाठीला बाक आला आहे का, ते बघा. नागपूरला गेल्यावर हाडांच्या घनतेची तपासणी, 'डेक्सा' म्हणतात ती, करून घ्या, आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व बघायला सांगा. हाड खरंच ठिसूळ निघालं तर त्यावर चांगली औषधं आहेत, आणि ती चालू केली तर पुढचा मणका वाचू शकतो.

एसटीत त्यांना मागच्या चाकांच्या पुढे, बसच्या मधल्या भागात जागा मिळवा. कंडक्टरला वय आणि कंबर सांगितली तर तो नाही म्हणत नाही. मागची रिकामी सीट दिसली तरी तिथं बसवू नका, त्यापेक्षा पुढची गाडी धरा.